सिरॅमिकला तांबं चिकटतं कसं?

मे महिना, नागपुरात पारा पंचेचाळीसच्या पुढे, आणि भरदुपारी लाइन गेली. तासभर वाट पाहून मी आणि शेजारचे काका चालत चौकापलीकडच्या सबस्टेशनपर्यंत गेलो. काकांनी जाळीतूनच विचारलं, "काहून गेली भाऊ?" आतून उत्तर आलं, "ब्रेकरची बॉटल गेली काका. बदलून राहिलो."

ब्रेकर म्हणजे बिघाड झाला की लाइन तोडणारा मोठा स्विच. काकांना वाटलं, काचेची बाटली असेल. पण लाइनमनने काढून ठेवलेली वस्तू आम्ही जवळून पाहिली. पाणी प्यायच्या तांब्याएवढा पांढराशुभ्र, गुळगुळीत नळकांडा. बोट लावलं तर कपबशीसारखा गार स्पर्श. वर आणि खाली धातूची झाकणं. पांढरा भाग संपतो आणि धातू सुरू होतो तिथे चांदीसारखी एक बारीक रेघ. स्क्रू नाही, क्लिप नाही, डिंक नाही. काका म्हणाले, "हे चिकटवलं कशानं?"

तेव्हापासून हा लेख डोक्यात होता. रोज ईव्ही, चिप आणि सेमीकंडक्टरच्या बातम्या येतात. त्यातल्या बऱ्याच वस्तूंच्या पोटात अशीच एक रेघ असते, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

## त्या बॉटलमध्ये असतं काय?

काहीच नसतं, आणि तेच तिचं काम आहे. आतली हवा काढून ती कायमची बंद केलेली असते. आतला दाब बाहेरच्या हवेच्या एक कोटीव्या हिश्श्यापेक्षाही कमी. आत तांबं आणि क्रोमियमच्या मिश्रणाचे दोन कॉन्टॅक्ट एकमेकांना टेकलेले असतात. लाइनवर कुठे बिघाड झाला की ते दूर सरकतात. ११ केव्हीच्या, म्हणजे ११ हजार व्होल्टच्या, लाइनवर असे कॉन्टॅक्ट उघडले तर हवेत ठिणगीचा मोठा जाळ झाला असता. इथे जाळ टिकवायला हवाच नसते, त्यामुळे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा प्रवाह पुढच्या वेळी शून्यावरून गेला की, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास, ठिणगी विझते.

ही पोकळी वीस-पंचवीस वर्षं टिकावी लागते. आतली हवा ओढत राहायला कुठला पंप जोडलेला नसतो. नळकांडा सिरॅमिकचाच हवा, कारण वरच्या आणि खालच्या झाकणामध्ये वीज जाता कामा नये. झाकणं धातूचीच हवीत, कारण वीज आत-बाहेर तिथूनच जाते. म्हणजे सगळा भार त्या रेघेवर. तिथून कणभर हवा आत शिरली की बॉटल गेली.

## सिरॅमिक म्हणजे नेमकं काय?

कपबशी, टाइल्स, खांबावरचे चिनी मातीचे इन्सुलेटर, ही सगळी सिरॅमिकचीच घराणी. बॉटलचा पांढरा भाग मात्र बहुतेक ॲल्युमिनाचा असतो. ॲल्युमिना म्हणजे ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचं संयुग. बॉक्साइटपासून ॲल्युमिनियम बनवताना मधल्या टप्प्यावर जी पांढरी पूड मिळते, ती हीच. आपल्याकडे अमरावती रोडवर वाडीला ॲल्युमिनियमवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, तिथल्या लोकांना ही पूड रोजची. ती दाबून खूप तापवली की दगडाहून कठीण होते. २००० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय वितळत नाही, वीज जाऊ देत नाही, गंजत नाही.

आणि वाकत नाही. पुढची सगळी रामायणं त्यामुळेच.

## पहिली अडचण: धातू तिथे पसरतच नाही

अळूच्या पानावर पाणी टाकून पाहा. पसरत नाही, मोत्यासारखं गोल होऊन घरंगळतं. वितळलेलं तांबं किंवा चांदी ॲल्युमिनावर टाकली की तसंच होतं. पसरणं नाही, तर चिकटणंही नाही.

महाल भागातल्या आमच्या वाड्यात कल्हईवाला यायचा. भातं चालवून भांडं लाल होईस्तोवर तापवायचा, मग नवसागराची चिमूट टाकायचा. पांढरा धूर, नाकाला झोंबणारा वास, आणि त्यापाठोपाठ कथिलाचा एक थेंब कापसाच्या बोळ्याने असा फिरवायचा की आख्खं पातेलं आतून चांदीसारखं लखलखायचं. त्या धुराला इतकं महत्त्व का, ते धातुशास्त्र शिकताना मला कळलं. पितळेवर हवेतल्या ऑक्सिजनचा एक पातळ, काळपट पापुद्रा असतो. त्यावर कथील पसरत नाही. नवसागर तो पापुद्रा खाऊन टाकतो, खालचं उघडं पितळ वर येतं आणि कथील त्याला धरतं.

मग ॲल्युमिनावर नवसागर टाकून का चालत नाही? कारण पितळेवर ऑक्साइडचा फक्त पापुद्रा असतो, ॲल्युमिना मात्र आरपार ऑक्साइडच आहे. खरवडून काढाल तर खालीही तेच. खाली उघडा धातू सापडणारच नाही. त्यामुळे कल्हईवाल्याची युक्ती इथे उलटी करावी लागते. ऑक्साइड काढायचा नाही, त्याच्याशीच दोस्ती करू शकणारं कुणीतरी मध्ये आणायचं.

## दुसरी अडचण: एक फुगतो, दुसरा फुगत नाही

एक मीटर लांबीच्या चार पट्ट्या घ्या आणि १०० अंशांनी तापवा. ॲल्युमिनियमची पट्टी साधारण २.३ मिलिमीटर वाढेल, तांब्याची १.७, लोखंडाची १.२ आणि ॲल्युमिनाची जेमतेम ०.८. ऐकायला किरकोळ वाटतं. पण असे जोड ८०० अंशांच्या आसपास केले जातात आणि मग गार होतात. हिशोब करा: तांबं आणि ॲल्युमिना यांच्यात १०० अंशांना मीटरमागे ०.९ मिलिमीटरचा फरक, म्हणजे ८०० अंशांवरून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत जवळजवळ ७ मिलिमीटर. दहा सेंटिमीटरच्या तुकड्यात पाऊण मिलिमीटरला थोडा कमी.

आता ॲल्युमिना किती ताण सहन करतो? दहा सेंटिमीटरचा तुकडा ०.१ मिलिमीटरही ताणला जायच्या आत तडकतो. तांबं आक्रसताना त्याला ओढतं सात-आठपट जास्त. धातू वाकून, थोडं ताणून वेळ मारून नेतो. सिरॅमिककडे ती सोय नाही. गरम दुधाचा ग्लास गार पाण्यात ठेवल्यावर तडकतो, तसा टणत्कार भट्टी गार होताना आतून ऐकू येतो. ज्यांनी तो ऐकला आहे, त्यांना भट्टीचं दार उघडायची इच्छा होत नाही.

## एपॉक्सी लावा, नाहीतर नटबोल्ट मारा ना

हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो आणि तो रास्त आहे. कपाचा तुटलेला कान आपण घरी चिकटवतोच. पण बाजारातले डिंक आणि एपॉक्सी प्लास्टिकच्या जातीचे असतात. त्यांच्यातून हवा हळूहळू झिरपते, शिवाय ते स्वतः वाफा सोडतात. पंचवीस वर्षं पोकळी राखायची असेल तर हे चालत नाही. दोनशे-अडीचशे अंशांच्या पुढे ते करपतात, आणि उष्णता पुढे नेण्यात तर ते आळशीच.

नटबोल्टचं म्हणाल तर भोकाच्या कडेला सगळा जोर एकवटतो आणि सिरॅमिकची चीर तिथूनच सुरू होते. पकडून ठेवायचे उपाय आहेत. गाडीच्या स्पार्क प्लगमध्ये पांढरा सिरॅमिक लोखंडी कवचात दाबून बसवलेला असतो आणि तो उत्तम चालतो. पण तिथे पंचवीस वर्षांची पोकळी राखायची नसते.

तिसरी सूचनाही येते: सिरॅमिकइतकाच फुगणारा धातू निवडा. असा धातू आहे. कोवार नावाचा, लोखंड, निकेल आणि कोबाल्टचा मिश्रधातू मुद्दाम त्यासाठीच बनवलेला आहे. तो काचेशी आणि ॲल्युमिनाशी बऱ्यापैकी जुळवून घेतो. पण तांब्यापेक्षा वीसपटीहून कमी उष्णता वाहून नेतो. जिथे उष्णता चटकन काढायची असते, तिथे तांब्याला पर्याय नाही.

## मग मधला थर

दोन्ही अडचणी एकाच वेळी सोडवायच्या तर मध्ये धातूचा एक अगदी पातळ थर टाकतात. तो मोजायचं एकक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस ७०-८० मायक्रॉनचा. हे थर दोन-तीन मायक्रॉनपासून शंभरेक मायक्रॉनपर्यंत असतात. एका बाजूने सिरॅमिकशी रासायनिक नातं जोडायचं, दुसऱ्या बाजूने धातूशी, आणि दोघांची ओढाताण आपल्या अंगावर घ्यायची. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाला दोन्ही घरची भाषा यावी लागते, तसंच.

ही भाषा येण्याचे तीन मार्ग मला महत्त्वाचे वाटतात.

पहिला टायटॅनियमचा. ७२ टक्के चांदी आणि २८ टक्के तांबं एकत्र केलं की ते ७८० अंशांना वितळतं, दोघांच्याही वितळण्याच्या तापमानाच्या बरंच खाली. सोनार दागिन्याला झाळ देतो, त्याच कुळातली ही झाळ. तिच्यात दोन-तीन टक्के टायटॅनियम घालतात. टायटॅनियमला ऑक्सिजनची इतकी हाव असते की ते थेट ॲल्युमिनातल्या ऑक्सिजनला धरतं. सीमेवर मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा नवा थर तयार होतो. तो अर्धा सिरॅमिकसारखा, अर्धा धातूसारखा असतो, त्यामुळे मागून येणारी झाळ त्यावर आरामात पसरते. अळूचं पान एकदम केळीचं पान होतं म्हणा. हे सगळं व्हॅक्यूम भट्टीत करावं लागतं, नाहीतर टायटॅनियम भट्टीतल्या हवेचाच ऑक्सिजन खाऊन तृप्त होईल. प्रमाणही सांभाळावं लागतं. टायटॅनियम जास्त झालं किंवा भट्टीत जास्त वेळ ठेवलं तर नवा थर जाड आणि ठिसूळ होतो आणि जोड तिथेच उकलतो. पानाला चुना लागतो, पण नखभरच.

दुसरा मार्ग जुना आहे, आणि नागपूरकराला तो जास्त जवळचा वाटावा, कारण त्यात मँगनीज आहे. मँगनीज खणणाऱ्या मॉइल या सरकारी कंपनीचं मुख्यालय आपल्या शहरात आहे. रामटेकजवळच्या मनसरची, कांद्रीची, सावनेरकडच्या गुमगावची खाण आपल्याच जिल्ह्यात. तिथलं खनिज मुख्यतः पोलाद बनवायला जातं. मनसरचंच मँगनीज या बॉटलमध्ये असतं असा माझा दावा नाही. पण या धातूची चिमूटभर पूड दुसरीकडे केवढं काम करते, ते सांगण्यासारखं आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास जर्मनीत रेडिओच्या व्हॉल्व्हसाठी, म्हणजे आतली हवा काढलेल्या नळ्यांसाठी, सिरॅमिकवर धातूची पूड भाजायची पद्धत निघाली. पुढे तिच्यात मँगनीज आलं. मॉलिब्डेनमची पूड आणि थोडी मँगनीजची पूड मिसळून रंगासारखा लेप करतात. तो नळकांड्याच्या कडेला लावतात आणि दमट हायड्रोजन वायूत १४००-१५०० अंशांना भाजतात. दमट का? त्या वायूत पाण्याची वाफ अगदी बेताची असते. तेवढ्याने मॉलिब्डेनम गंजत नाही, पण मँगनीज मात्र ऑक्साइड बनतं. ॲल्युमिनाच्या कणांच्या फटीत थोडी काच असते. हे मँगनीज ऑक्साइड तिच्यात विरघळतं आणि तिला पातळ करतं. पातळ झालेली काच वर चढते आणि मॉलिब्डेनमच्या स्पंजासारख्या थरात मुरते. गार झाल्यावर काचेची मुळं खाली सिरॅमिकमध्ये आणि फांद्या वर धातूत, असं ते घट्ट गुंतलेलं असतं. वरून निकेलचा हलका मुलामा दिला की त्यावर नेहमीची चांदी-तांब्याची झाळ बसते.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. या पद्धतीला अगदी शुद्ध ॲल्युमिना चालत नाही. ९४-९६ टक्क्यांचा हवा. अतिशुद्ध घेतला तर फटीत काच उरत नाही आणि मुरायला काहीच राहत नाही.

तिसरा मार्ग तांब्याचा स्वतःचा. तांबं १०८५ अंशांना वितळतं. पण त्यावर थोडा ऑक्साइड चढवला तर तांबं आणि ऑक्सिजन मिळून १०६५ अंशांनाच एक पातळ द्रव होतो. म्हणून तांब्याचा पत्रा मुद्दाम जरासा काळवंडवतात, ॲल्युमिनाच्या चकतीवर ठेवतात आणि या दोन तापमानांमधल्या वीस अंशांच्या फटीत भट्टी धरून ठेवतात. पत्रा घनच राहतो, फक्त त्याची खालची कातडी वितळते, ॲल्युमिनाला भिडते आणि गोठते. कल्हईवाला जो काळेपणा घालवतो, तोच इथे जोडणारा. अजनीच्या इलेक्ट्रिक लोको शेडमधल्या थ्री-फेज इंजिनांत, मेट्रोत, सोलर इन्व्हर्टरमध्ये विजेला आकार देणारे मोठे मॉड्यूल असतात. त्यांतल्या चिप अशाच, दोन्ही बाजूंनी तांबं बसवलेल्या सिरॅमिकच्या चकतीवर बसतात. चिपची उष्णता खाली जावी, वीज मात्र जाऊ नये, एवढं काम त्या मिलिमीटरभर जाडीच्या चकतीला करावं लागतं. ईव्हीत जास्त चिवट सिलिकॉन नायट्राइडची चकती वापरू लागले आहेत. तिच्यात ऑक्सिजन नाही, म्हणून तांब्याची ही युक्ती तिथे चालत नाही. तिथे पुन्हा टायटॅनियमची झाळ, कारण टायटॅनियम तिच्यातल्या नायट्रोजनलाही धरतं.

## थर जाड केला तर जोड जास्त मजबूत होणार नाही का?

असं वाटणं साहजिक आहे, पण पोळी लाटताना हाताला उलटं कळतं. गोळा जाड असतो तेव्हा लाटण्याखाली सहज पसरतो. पोळी जितकी पातळ होत जाते तितकं लाटणं जड, कारण वर लाटणं आणि खाली पोळपाट तिला सरकू देत नाहीत. मऊ धातूचा थर दोन कडक पृष्ठांमध्ये असाच जखडला जातो. एकटा असता तर सहज ताणला गेला असता, पण पातळ आणि जखडलेला असल्यामुळे स्वतःच्या ताकदीपेक्षा जास्त जोर घेतो. जाड थर मधूनच फाटतो.

मात्र फार पातळ केला तर फुगण्याचा फरक सोसायला त्याच्याकडे अंगच उरत नाही. म्हणून चांगले जोड एकाच थरावर विसंबत नाहीत. मध्ये मऊ तांब्याची पट्टी, दोन्ही बाजूंना झाळ, किंवा झाकणाची कडच इतकी पातळ ठेवायची की ओढ आली तर ती वाकेल आणि सिरॅमिक वाचेल. मला विचाराल तर या कामातलं खरं कसब इथे आहे. रसायन पुस्तकात मिळतं. किती पातळ, हे हाताला आणि फुटलेल्या नगांनाच कळतं.

## झाळ ७८० अंशांना वितळते, मग जास्त तापमानाला जोड सुटणार नाही का?

सुटेल. म्हणूनच जिथे जास्त तापमान लागतं तिथे एक सुंदर युक्ती आहे. मध्ये शंभरेक मायक्रॉन जाडीची निकेलची पट्टी घेतात आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन-तीन मायक्रॉन तांबं चढवतात. ११५० अंशांना फक्त तांबं वितळतं, फटी भरतं आणि सिरॅमिकला भिडतं. मग तसंच काही तास ठेवतात. कणकेवर पाणी ओतल्यावर आधी ते वर तरंगतं आणि मळत गेलं की दिसेनासं होतं, तसं हे तांबं निकेलमध्ये मुरत जातं. शेवटी द्रव उरतच नाही. उरतो तो निकेलच भरपूर असलेला मिश्रधातू, आणि तो वितळायला १४०० अंशांच्या आसपास जावं लागतं. म्हणजे जोड जेवढ्या तापमानाला केला, त्याहून जास्त तापमान तो सोसतो.

## एवढी चांदी परवडते?

आठ सेंटिमीटर व्यासाची, पाच मिलिमीटर रुंद आणि ०.१ मिलिमीटर जाड कडी धरली तर झाळेचं वजन सव्वा ग्रॅमच्या आसपास भरतं आणि त्यात चांदी एक ग्रॅमहूनही कमी. पायातल्या जोडव्यात याहून जास्त असते. महाग पडतात ती भट्टी, पोकळी आणि तपासणी. जोडावर बाहेरून हेलियम वायू फवारतात आणि आतल्या बाजूने यंत्र लावून पाहतात की एखादा अणू आत शिरतोय का. हेलियम इतका लहान की जिथून तो जाणार नाही, तिथून हवाही जाणार नाही.

जिथे किमतीचा प्रश्नच येऊ नये, तिथे सोनं वापरतात. पेसमेकरच्या टायटॅनियमच्या डबीतून तार बाहेर येते ती ॲल्युमिनाच्या छोट्या कडीतून. त्या कडीवर आधी नायोबियम किंवा टायटॅनियमचा मायक्रॉनभर थर पोकळीत उडवून बसवतात आणि मग शुद्ध सोनं वितळवून झाळतात. शरीरातलं खारट पाणी आत जाऊ नये म्हणून. हृदयाच्या ठोक्याला आधार देणाऱ्या त्या डबीचा दरवाजा हा असा बंद केलेला असतो.

## तरी बॉटल गेलीच ना?

गेली. त्या दिवशी नेमकं काय बिघडलं ते मी पाहिलेलं नाही, आणि बॉटल जायची कारणं एकापेक्षा जास्त असतात. पण असे जोड कुठे थकतात ते ठाऊक आहे: कडेला. इंजिनातल्या मॉड्यूलचंच घ्या. ते दिवसातून शंभरदा तापतं आणि गार होतं. प्रत्येक वेळी तांबं थोडं ओढतं, आणि ओढ सगळ्यात जास्त तांब्याच्या काठाखाली असते. तिथे सिरॅमिकमध्ये शिंपल्याच्या आकाराची चीर सुरू होते आणि आत सरकते. उपाय साधा आहे. तांब्याच्या काठालगत बारीक खळग्यांची रांग पाडतात. काठ जरा दुबळा होतो, ओढ कमी पडते आणि चकती बरीच जास्त टिकते.

## घरच्या घरी पाहायचं असेल तर

लग्नाच्या मांडवात लावायचे ते लांब नळीसारखे हॅलोजन आठवतात? उडालेला एखादा मिळाला, तर पूर्ण गार झाल्यावर त्याचं टोक उजेडाकडे धरून पाहा. काच चिमटीत दाबून चपटी केलेली असते आणि आत करड्या रंगाची नखाएवढी पट्टी दिसते. ती मॉलिब्डेनमची, फक्त २०-३० मायक्रॉनची. ती काच म्हणजे क्वार्ट्झ, तापून जवळजवळ फुगतच नाही. मॉलिब्डेनम तिच्या नऊ-दहापट फुगतं. तिथे तार वापरली असती तर काच पहिल्याच दिवशी तडकली असती. पट्टी इतकी पातळ आणि कडेला इतकी निमुळती असते की तीच नमतं घेते.

पट्टीच्या बाहेरच्या टोकाकडे नीट पाहा. टोक साडेतीनशे अंशांच्या पुढे तापत राहिलं की हवा मॉलिब्डेनमला गंजवते, गंज फुगतो आणि काच उकलते. तिथला करडा रंग बदललेला दिसला आणि शेजारी केसाएवढी चीर सापडली, तर तुमचा हॅलोजन तिथून गेला.

मी तसा एक काकांना नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, नळी डोळ्याजवळ धरली आणि बराच वेळ ती पट्टी पाहत राहिले.